हाकेचा शब्दार्थ

रात्रीचे अडीच वाजलेले असतात. देवळामागच्या माडांतला वारा पडलेला असतो, रस्त्यावरची शेवटची रिक्षा केव्हाच घरी गेलेली असते आणि वाडीतली कुत्रीदेखील भुंकून भुंकून दमलेली असतात. अशा वेळी आमच्या धर्मगुरुनिवासाच्या वरच्या मजल्यावरील व्हरांड्याच्या टोकाकडून एक आवाज उठतो. प्रथम खोल, घशातल्या घशात. मग चढत चढत, तान्ह्या मुलाने टाहो फोडावा तसा. आणि शेवटी एक लांब, ओढलेला, काहीसा प्रश्नार्थक सूर. क्षणभर शांतता आणि पुन्हा तोच सूर. नवखा माणूस अंथरुणात ताडकन उठून बसतो. मुक्कामाला आलेल्या एका धर्मगुरूंनी तर मध्यरात्री आमच्या दारावर थाप मारून घाबऱ्या आवाजात विचारले होते, "फादर, देवळाच्या पायरीवर कुणी मूल टाकून गेले आहे का?"

मूल नव्हे, ती आमची मोनिका. पांढऱ्या अंगावर काळे-तांबूस ठिपके असलेली, आता पंधरी ओलांडलेली मांजरी. तिच्या या रात्रीच्या हाकेने आम्हांला जे शिकवले, ते सेमिनरीतील आठ-दहा वर्षांत आमच्या कानावरून गेले होते, पण कानात शिरले नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मोनिका आमची म्हटली तरी मुळात ती मोठ्या फादरांची. आमच्या आधी या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू असलेले आणि निवृत्तीनंतर येथेच वरच्या मजल्यावरील टोकाच्या खोलीत राहिलेले वयोवृद्ध धर्मगुरू, त्यांना सारा गाव 'मोठे फादर' म्हणत असे. २००९ सालच्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, कबरस्तानच्या भिंतीच्या एका खोबणीत एक पिल्लू तीन रात्री अखंड रडत होते. तिसऱ्या रात्री मोठे फादर छत्री आणि कंदील घेऊन बाहेर पडले आणि ओलेचिंब पिल्लू झग्याच्या खिशात घालून परतले. तो दिवस होता २७ ऑगस्ट, संत मोनिकेचा सण. आपल्या मुलासाठी, पुढे संत झालेल्या ऑगस्टीनसाठी, वर्षानुवर्षे अश्रू ढाळणारी ती माता. "एवढे रडणारीला दुसरे नाव शोभणार नाही," असे म्हणून मोठ्या फादरांनी तिचे बारसे उरकले.

मोनिका मोठी झाली, तिचे रडणे थांबले आणि ती एक मितभाषी, काहीशी शिष्ट मांजरी बनली. मोठ्या फादरांच्या आरामखुर्चीखाली तिची जागा. तासिक प्रार्थनेचे पुस्तक उघडले की ती खुर्चीखालून निघून त्यांच्या मांडीवर जाई. आम्ही थट्टेने म्हणत असू, "फादर, आपली प्रार्थना ही मांजरीच जास्त मनापासून ऐकते." त्यावर ते आम्हांला तेराव्या शतकातील एका इंग्रजी नियमावलीची आठवण करून देत. एकांतवासात आयुष्य वाहिलेल्या स्त्रियांसाठी लिहिलेल्या त्या नियमांत, त्यांनी एका मांजराखेरीज दुसरे कोणतेही जनावर पाळू नये, असे सांगितले आहे. "बघा," मोठे फादर म्हणत, "गाय सोडायला सांगितली, मांजर नाही."

२०२३ च्या जूनमध्ये, मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर, मोठे फादर देवाघरी गेले. त्यांची खोली आम्ही आवरून बंद केली. सप्टेंबरच्या सुमारास मोनिकेचे रात्रीचे रुदन सुरू झाले. रोज तेच. व्हरांड्यातून फेऱ्या घालायच्या, त्या बंद दारासमोर उभे राहायचे आणि हंबरडा फोडायचा.

एका हाकेचे किती अर्थ निघू शकतात, ते आम्ही त्या दिवसांत पाहिले. शेजारच्या आळीत कुजबुज सुरू झाली की मांजर रडते आहे, म्हणजे आसपासच्या घरातले कुणीतरी जाणार. आपण ख्रिस्ती झालो त्याला शतके लोटली, तरी मांजराच्या रडण्याची धास्ती आपल्या उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. आमचे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींचा अर्थ अधिक धार्मिक होता. "मोठे फादर शुद्धिस्थानातून हाक मारत असतील, फादर. मुक्या जनावराला ऐकू येतं. त्यांच्या नावानं दोन मिस्सा जास्त करा." आम्ही मावशींना हसलो. मिस्सा मात्र केल्या. मिस्सा कधी वाया जात नाही.

आणि आमचा स्वतःचा अर्थ? तो सर्वांत सुंदर होता. ही मांजरी शोक करते आहे, असे आम्ही ठरवले. धनी गेला, पण हिची निष्ठा गेली नाही. त्या वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, कबरस्तानात भरलेल्या मिस्सेच्या प्रवचनात आम्ही मोनिकेची कथा सांगितली. आपण आपल्या मृतांना वर्षभरात विसरतो आणि एक मुके जनावर मात्र रात्र रात्र बंद दारासमोर उभे राहून आपल्या धन्याला हाक मारते, असे काहीसे आम्ही बोललो. मेणबत्त्यांच्या उजेडात अनेकांचे डोळे पाणावलेले दिसले. मिस्सेनंतर लोक हात हातात घेऊन म्हणाले, "फादर, आजचे प्रवचन काळजाला भिडले." आम्ही त्या रात्री समाधानाने झोपलो. अडीच वाजता मोनिकेने हाक मारली, तेव्हा आम्ही कूस बदलली आणि उशी कानावर ओढून घेतली.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. ज्या हाकेवर आम्ही प्रवचन केले, त्या हाकेसाठी उठून आम्ही एकदाही व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो नव्हतो.

नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील एक कन्या घरी आली. तिला प्रथम ख्रिस्तप्रसाद आम्हीच दिलेला. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून ती पशुवैद्यक झाली आहे. १८८६ साली स्थापन झालेली ती संस्था आपल्याकडील या विद्येची जुनी आई. प्रवचनातील मांजरीची गोष्ट तिच्या आईने तिला फोनवर सांगितली होती. शुभेच्छा द्यायला म्हणून ती आली, केकचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "फादर, मोनिकेला बघू का?"

मोनिका खिडकीशी, उन्हात बसली होती. त्या मुलीने तिला हात लावण्यापूर्वी नुसते पाहिले. चांगली पाच मिनिटे पाहिले. मग मावशींना विचारले, "खाणं कसं आहे?" मावशी कौतुकाने म्हणाल्या, "हल्ली फार छान खाते बघ! एवढी एवढी मांदेली संपवून पुन्हा मागते." "आणि पाणी?" "ते पण भरपूर पिते." "मग एवढी वाळली का?"

मावशी गप्प झाल्या. आम्हीही. रोज समोर असलेले शरीर कणाकणाने झडत गेले की डोळ्यांना ते दिसत नाही. स्वयंपाकघरातील भाजीच्या काट्यावर टोपली ठेवून मोनिकेचे वजन केले. दोन किलो सहाशे ग्रॅम. मोठे फादर तिला दरवर्षी लसीकरणासाठी नेत, त्या कार्डावर शेवटची नोंद चार किलोंची होती. मग तिने आमच्याकडे वळून म्हटले, "फादर, ही भर उन्हात बसली आहे. उन्हात मांजरांच्या डोळ्यांच्या बाहुल्या रेघेसारख्या बारीक होतात. हिच्या बघा, अंधारात असाव्यात तशा विस्फारलेल्या आहेत. मला वाटतं, हिला नीट दिसत नाहीये."

दुसऱ्या दिवशी तिने तिच्या ओळखीच्या दवाखान्यात मोनिकेला नेले. रक्त तपासले, पुढच्या पायाला तान्ह्या बाळाला शोभेल एवढा पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला. मांजराचा वरचा रक्तदाब १६० च्या पुढे गेला की काळजी करावी आणि १८० च्या पुढे गेला की डोळे, मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना इजा होण्याचा मोठा धोका असतो, असे तिने सांगितले. मोनिकेचा २१० होता. त्या दाबाने उजव्या डोळ्यातील दृष्टिपटल आपल्या जागेवरून सुटले होते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी वाढून बेलगाम झाली होती. "फादर," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मोनिका शोक करतच नव्हती असं मी म्हणत नाही. घरातलं माणूस गेल्यावर मांजरांचं वागणं बदलतं, आम्ही पाहतो. पण म्हातारं मांजर मोठ्यानं ओरडायला लागलं, तर शोक हे कारण सगळ्यांत शेवटी धरायचं. आधी शरीर तपासायचं."

त्यानंतरच्या काही भेटींत, चहाच्या कपाबरोबर, त्या मुलीने आम्हांला मार्जारशास्त्राचे जे धडे दिले, ते वाचकांपुढे ठेवण्यासारखे आहेत. कारण म्हातारे मांजर अनेक घरांत असते आणि त्याचे रात्रीचे ओरडणे अनेक घरांत शिव्यांचा, चपलेचा आणि कधी कधी गोणपाटात घालून खाडीपलीकडे सोडून येण्याचा विषय होतो.

मांजराचे 'म्याव' मुळात कुणासाठी असते? पिल्लू आईला हाक मारते, थंडी वाजली, भूक लागली, वाट चुकली म्हणून. मोठी झालेली मांजरे मात्र एकमेकांशी क्वचितच म्याव करतात. ती गुरगुरतात, फिस्कारतात, माजावर आली की वा भांडताना आरोळ्या ठोकतात. पण म्याव हा शब्द ती माणसासाठी राखून ठेवतात. पिलाने आईला मारायची हाक मांजर जन्मभर माणसाला मारते. मिल्ड्रेड मोएल्क या संशोधक स्त्रीने १९४४ साली घरगुती मांजराच्या आवाजांचा बारकाईने अभ्यास करून त्यांत सोळा प्रकार सांगितले होते. आम्ही मोनिकेच्या घशातून एवढे सोळा प्रकार कधी वेगळे ऐकले नव्हते. आमच्या लेखी तिचे दोनच आवाज होते, भुकेचा आणि त्रासाचा.

हे ऐकताना आम्हांला तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकलेला वैष्णव परंपरेतील एक दृष्टान्त आठवला. माकडिणीचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते. मांजरीचे पिल्लू काहीच धरत नाही, आईच त्याला तोंडात उचलून नेते. देवाच्या कृपेविषयीचे हे दोन न्याय, मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. परीक्षेत आम्ही त्यावर दोन पाने लिहिली होती. मांजरीच्या पिलाला एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे हाक मारणे, हे त्या दोन पानांत लिहायचे आमच्याकडून राहून गेले होते.

म्हातारपणी हीच हाक का वाढते? कारणे अनेक, आणि एकाच देहात त्यांतली तीन-चार एकत्र नांदू शकतात. पहिले, थायरॉइड. मांजरांतील हा विकार १९७९ साली प्रथम नोंदला गेला आणि आज दहा वर्षांवरील मांजरांत तो नेहमी आढळणाऱ्या विकारांपैकी एक आहे. ग्रंथीची ही वाढ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. पण तिच्यामुळे सारे शरीर जणू सतत धावत राहते. भूक वाढते आणि वजन घटते, हृदय धडधडते, जीव एका जागी स्वस्थ बसत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, म्हातारपणीही काय उत्साह आहे! दुसरे, मूत्रपिंडाचा जीर्ण विकार आणि त्याच्या किंवा थायरॉइडच्या पाठोपाठ येणारा उच्च रक्तदाब. उच्च रक्तदाबाने काही मांजरे अचानक आंधळी होतात आणि भोवतालचे परिचित घर एका रात्रीत नाहीसे झाल्यामुळे ओरडतात.

तिसरे, बहिरेपण. ज्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, त्याचा आवाज चढतो. आपल्या घरातील आजोबांकडे पाहिले तरी हे कळते. चौथे, सांध्यांचे दुखणे. मांजर लंगडत नाही, तक्रार करत नाही. ते फक्त उंच उडी मारायचे सोडते आणि आपण म्हणतो, वय झाले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरील शंभर मांजरांची क्ष-किरण चित्रे पाहिली, तेव्हा त्यांतील नव्वदांच्या सांध्यांत झीज दिसली. आणि पाचवे, मेंदूचेच म्हातारपण. माणसाच्या स्मृतिभ्रंशात मेंदूत जी प्रथिने साचतात, त्यांतील काही वृद्ध मांजरांच्या मेंदूतही सापडतात. अकरा ते चौदा वर्षांच्या मांजरांपैकी सुमारे २८ टक्के आणि पंधरा वर्षांवरील निम्म्याहून अधिक मांजरांत वागणुकीतील असा काही ना काही बदल दिसतो, असे एका पाहणीत आढळले आहे. अशा मांजराला दिवस-रात्रीचा हिशेब राहत नाही. ते भिंतीकडे पाहत बसते, ओळखीच्या खोलीत वाट चुकते. रात्री घर निजते, दिवे मालवतात, माणसांचे आवाज आणि वास आपापल्या दाराआड जातात. मग ते हाक मारते.

त्या मुलीने आणखी दोन गोष्टी बजावून सांगितल्या, त्या येथे नोंदवतो. बोका वाळूच्या घमेल्यात बसून कुंथत असेल, ओरडत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. आणि माणसाची वेदनाशामक गोळी मांजराला कधीही देऊ नये. मावशींनी मोनिकेची दया येऊन पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून देण्याचा विचार बोलून दाखवला होता. ते ऐकून त्या मुलीचा चेहरा पांढरा पडला. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही; त्याचे रक्तच निकामी होते. एका गोळीनेही मांजर मरू शकते. दया आणि अज्ञान यांची जोडी किती घातक, ते आम्हांला तेव्हा कळले. मात्र मावशींना बोलण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. त्यांना निदान मोनिकेला काहीतरी दुखत असावे असे वाटले होते. आम्ही तर तिच्या दुखण्याचे प्रवचन केले होते.

सेमिनरीत पवित्र शास्त्र कसे वाचावे, हे शिकवताना आमचे प्राध्यापक चार अर्थ सांगत. पहिला शब्दार्थ, मग रूपकार्थ, मग नीतिपर अर्थ आणि शेवटी परलोकाकडे नेणारा गूढार्थ. आणि संत थॉमस अक्वायनस यांचा दाखला देऊन ते बजावत की उरलेले सारे अर्थ शब्दार्थाच्या पायावरच उभे राहतात. शब्दार्थ चुकला की वरची इमारत कितीही देखणी असो, ती कोसळते. आम्ही हे पाठ केले, त्यात उत्तम गुण मिळवले. मोनिकेच्या हाकेचा रूपकार्थ आम्ही काढला होता, नीतिपर अर्थही काढला होता. मावशींनी तर गूढार्थ काढला होता. शब्दार्थ तेवढा कुणी विचारला नव्हता. शब्दार्थ इतकाच होता की मला बरे नाही, मला दिसत नाही.

आणि ही चूक आमच्याकडून पहिल्यांदा झाली असती, तर एक वेळ क्षम्य होती. मोठ्या फादरांच्या शेवटच्या वर्षात, एका रात्री त्यांनी उशाशी ठेवलेली घंटा वाजवली. आम्ही गेलो. त्यांच्या कपाळावर घाम होता, ओठ घट्ट मिटलेले होते. आम्हांला वाटले, म्हातारपणीची भीती आहे, मृत्यूची सावली आहे. आम्ही त्यांचा हात हातात घेतला आणि जपमाळेची पाच रहस्ये म्हटली. तेही क्षीण आवाजात म्हणत राहिले. दुसऱ्या रात्री पुन्हा घंटा, पुन्हा जपमाळ. तिसऱ्या दिवशी आजाऱ्यांना भेटायला येणाऱ्या परिचारिका सिस्टर आल्या. त्यांनी चादर बाजूला सारली, पोटावर हात ठेवला आणि आमच्याकडे पाहून विचारले, "फादर, यांना लघवी कधी झाली?" आम्हांला ठाऊक नव्हते. प्रश्नच सुचला नव्हता. अर्ध्या तासात रुग्णालयात नळी घातली गेली आणि त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावरचे दोन दिवसांचे दुखणे उतरलेले आम्ही पाहिले. थोड्या वेळाने मोठे फादर मिस्कीलपणे म्हणाले, "फादर, तुमची जपमाळ गोड होती, पण ही नळी त्याहून गोड लागली."

आम्ही तेव्हा हसलो. सगळ्यांना ही आठवण गमतीची म्हणून सांगितली. त्यातून काही शिकलो नाही. सहा महिन्यांनी त्यांच्या मागे राहिलेल्या मांजरीने त्याच व्हरांड्यात उभे राहून हाक मारली आणि आम्ही पुन्हा जपमाळच काढली, फक्त या वेळी ती प्रवचनाच्या रूपात होती. एखाद्याच्या वेदनेचा अर्थ सांगता येणे हे आमच्या व्यवसायाचे कौशल्य आहे आणि त्या कौशल्याचा मोह असा की वेदनेला हात लावण्याचे कष्ट त्यातून परस्पर वाचतात. आपण काहीतरी केले, असे समाधानही वर मिळते.

मोनिकेचे उपचार सुरू झाले. थायरॉइडसाठी दिवसातून दोनदा औषध आणि रक्तदाबासाठी अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर तुकडा, तोही त्या मुलीने मोजून-मापून सांगितला म्हणून. गोळी मांदेलीत दडवावी, तर मोनिका मांदेली खाऊन गोळी जमिनीवर व्यवस्थित ठेवून देई. अखेर मावशींनी काटे काढलेल्या ओल्या बोंबलात ती कुस्करून घालण्याची युक्ती काढली. थायरॉइड आटोक्यात आले की कधी कधी त्याच्या आड दडलेला मूत्रपिंडाचा विकार उघडा पडतो, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले. मोनिका त्यातून बऱ्यापैकी निभावली. तीन महिन्यांत तिचे वजन तीन किलो चारशेवर आले. रक्तदाब उतरला. डावा डोळा वाचला.

उजवा डोळा वाचला नाही. आम्ही त्या मुलीला एकदा सरळच विचारले, "बाळ, सप्टेंबरमध्येच दाखवले असते तर?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सांगता येत नाही, फादर. पण शक्यता होती." ती आमच्यापुढे लहानाची मोठी झालेली मुलगी, तिला आम्हांला दुखवायचे नव्हते आणि खोटेही बोलायचे नव्हते. तिचे हे उत्तर आम्ही जपून ठेवले आहे.

हाका कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. मोनिकेला आता ऐकू येत नाही आणि कधी कधी ती मध्यरात्री आपल्याच व्हरांड्यात हरवते. "याला औषध फारसं नाही," त्या मुलीने सांगितले, "याला सोबत." त्यासाठी जे करायचे, ते अगदी साधे निघाले. व्हरांड्यात रात्रभर एक मंद दिवा ठेवला. पाण्याची भांडी आणि वाळूचे घमेले वरच्या मजल्यावरच, तिच्या वाटेत ठेवले, म्हणजे दुखऱ्या सांध्यांनी जिना उतरायला नको. खुर्च्यांच्या जागा हलवायच्या नाहीत, असा मावशींना आणि सहायक धर्मगुरूंना सक्त हुकूम आहे. संध्याकाळी सुतळीच्या टोकाशी थोडा खेळ आणि निजण्यापूर्वी थोडे खाणे, म्हणजे भुकेने जाग येत नाही. सहा महिन्यांनी एकदा तपासणी. रागावणे, ओरडणे, दार आपटणे अजिबात नाही. घाबरलेल्याला आणखी घाबरवून कुणी शांत होत नसते.

आणि मोठ्या फादरांची खोली आम्ही उघडली. ते आधीच का केले नाही, याचे उत्तर आमच्याकडे नाही. त्यांची आरामखुर्ची पूर्वीच्या जागी ठेवली आणि त्यांची जुनी शाल तिच्याखाली अंथरली. पहिल्या रात्री मोनिका दारातून आत आली, खुर्चीभोवती दोनदा फिरली, शाल हुंगली आणि खाली जाऊन बसली. यात शोक होता की सवय, हे आम्ही ठरवलेले नाही. त्यावर प्रवचनही केलेले नाही.

गेल्या वर्षीच्या २ नोव्हेंबरला मात्र, कबरस्तानात त्याच जागी उभे राहून, आम्ही लोकांना सांगितले की मागे एका मांजरीविषयी आम्ही जे बोललो होतो, ते चुकीचे होते. तिला आजार होता आणि तो आमच्या लक्षात आला नाही, एवढेच सांगितले. त्या दिवशी कुणाचे डोळे पाणावले नाहीत. मिस्सेनंतर हात धरून कौतुक करायलाही कुणी आले नाही. फक्त एक गृहस्थ कबरस्तानच्या फाटकाशी थांबले होते. त्यांची म्हातारी आई रात्रभर कण्हते, कुणाकुणाला हाका मारते. "आम्ही समजत होतो, फादर, बाबा गेल्यापासून तिचं मन लागत नाही म्हणून. एकदा डॉक्टरला दाखवून घेतो." आम्ही म्हणालो, "दाखवा. आणि आम्हीही येतो."

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो. पूर्वी खाटेशी बसताच प्रार्थनेचे पुस्तक उघडत असू. आता पुस्तक थोडा वेळ खिशातच राहते. आधी विचारतो, कुठे दुखते? झोप लागते का? जेवण जाते का? पाणी मिळते का? काही म्हातारी माणसे चकित होऊन पाहतात, फादर डॉक्टर कधी झाले म्हणून. कुणी पाय दाखवते, कुणी दात, कुणी सुनेची नजर चुकवून पाठीवरची जखम. आम्हांला त्यावर उपचार करता येत नाहीत. पण घरच्यांना सांगता येते, सिस्टरांना बोलावता येते. मग प्रार्थना होते आणि ती पूर्वीपेक्षा थोडक्यात होते. स्तोत्रकर्त्यानेही देवापुढे आपली हाडे, आपला घसा, आपले डोळे दुखतात, हे लपवलेले नाही, हे आता ती स्तोत्रे म्हणताना ध्यानात येते.

रात्री अडीच वाजता अजूनही कधी कधी हाक येते. आम्ही उठतो. मोनिकेला आमची पावले ऐकू येत नाहीत, म्हणून लाकडी जमिनीवर टाचेने दोनदा हलकेच ठोकतो. ते तिला पायांतून कळते. मंद दिव्याच्या उजेडात ती मान वळवून आपल्या एका डोळ्याने पाहते. मग हाकेचा सूर तुटतो आणि त्याच्या जागी एक लहानसा, आखूड आवाज येतो, कबरस्तानच्या भिंतीतल्या त्या पिलाचा असावा तसा. आम्ही खाली बसून तिच्या पाठीवरून हात फिरवतो, कुठे काही सुजले-दुखले आहे का ते चाचपून पाहतो आणि ती निजेपर्यंत तिथेच बसतो.